स्टॅन्ली पार्क आणि आसपासचे बाल्ड ईगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हँकुव्हर-सिअ‍ॅटल पट्ट्यातली मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे भारतातून येणारे पाहुणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कची आहेत, पण समुद्राकाठच्या तशाच जंगली उद्यानांना, म्हणजे सिअ‍ॅटलच्या डिस्कव्हरी पार्क किंवा सीवर्ड पार्कलाही ती लागू पडतात. घरट्यांचे पत्ते या पानावर मिळणार नाहीत. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१. 'बाल्ड' म्हणजे टकला ना? मग मराठीत टकला गरुड म्हणायचं का?

नको. त्याच्या डोक्यावर भरगच्च पिसं असतात, फक्त ती पांढरी असतात. या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ 'पांढऱ्या खुणेचा' असा होता. शास्त्रीय नाव हॅलिईटस ल्युकोसेफॅलस, म्हणजे सरळ 'पांढऱ्या डोक्याचा समुद्री गरुड'. कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा हा जवळचा नातेवाईक. पाण्याकाठचं उंच झाड, काटक्यांचं थोरलं घरटं, माशांवर गुजराण, या सगळ्या सवयी एकाच घराण्यातल्या.

२. मालवणला काढलेला फोटो पाठवतोय. पांढरं डोकं, तपकिरी अंग. बाल्ड ईगलच ना?

ही ब्राह्मणी घार. बाल्ड ईगल मोकळ्या निसर्गात फक्त उत्तर अमेरिकेत असतो. फरक ओळखायला शेपूट पाहा. बाल्ड ईगलची शेपूट डोक्याइतकीच पांढरीशुभ्र, घारीची विटकरी. घारीचा पांढरा रंग छातीपर्यंत उतरतो, याचा मानेशीच थांबतो आणि खाली अंग गडद चॉकलेटी. शिवाय हा पक्षी आकाराने कितीतरी मोठा आहे. पंख पसरले की साधारण २ मीटर, घारीचे जेमतेम सव्वा.

३. आई-बाबांना फार चालवत नाही. स्टॅन्ली पार्कमध्ये एका फेरीत दिसेल का?

हंगामात (प्रश्न ४) शक्यता चांगली आहे आणि त्यासाठी जंगलात शिरायची गरजच नाही. पार्क सुमारे ४०० हेक्टरचा आहे आणि त्याच्या कडेने समुद्राला लागून साधारण ९-१० किलोमीटरचा सपाट सीवॉल जातो. सगळा चालू नका. सेकंड बीच ते थर्ड बीच हा तुकडा घ्या. दर दहा मिनिटांनी बाकावर बसा, पाण्याकडे पाठ करून मागच्या झाडांचे शेंडे न्याहाळा. गरुड पाण्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे काठावरूनच त्याचं डोकं समोरून दिसतं. आतल्या पायवाटेवर मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी फांद्यांपलीकडे काही दिसत नाही. सीवॉलवर सायकलींची मार्गिका वेगळी आखलेली असते. दुर्बीण डोळ्याला लावून तिच्यात पाऊल टाकू नका.

४. कोणत्या महिन्यात यावं?

| महिना | काय चालू असतं |
|---|---|
| ऑक्टोबर-डिसेंबर | जोड्या परततात, काटक्यांची ने-आण सुरू |
| जानेवारी-फेब्रुवारी | घरट्याची डागडुजी जोरात |
| फेब्रुवारीअखेर-मार्च | अंडी (१ ते ३), उबवण ३४-३६ दिवस |
| एप्रिल | अंड्यांतून पिल्लं बाहेर |
| मे-जून | पिल्लांना भरवणं, दिवसभर ये-जा |
| जूनअखेर-जुलै | १०-१२ आठवड्यांची पिल्लं उडू लागतात |
| ऑगस्ट-सप्टेंबर | मोठे पक्षी सॅमन माशांच्या नद्यांकडे, जवळपास शुकशुकाट |

तारखा दोन-तीन आठवडे मागेपुढे होतात. पाहुणे नेमके ऑगस्टमध्ये येतात आणि निराश होतात. त्यात पक्ष्यांचा दोष नाही. उत्तरेकडच्या नद्यांत तेव्हा सॅमन चढतात, आयतं जेवण सोडून हे इथे कशाला थांबतील? तिकीट काढायचं हातात असेल तर मे-जून धरा.

५. दिवसातली वेळ कुठली?

घड्याळाआधी ओहोटीचं वेळापत्रक उघडा. ओहोटीच्या तासभर आधीपासून पुढे तासभर, हा वेळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिडशिपमन नावाचे मासे किनाऱ्यावरच्या दगडांखाली अंडी घालतात आणि नर तिथेच राखण करत बसतात. मोठी ओहोटी लागली की ते डबक्यांत अडकतात आणि गरुड चालत जाऊन वेचतात. वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कनालच्या सीबेक भागात मे-जूनमध्ये यामुळे एका वेळी कितीतरी गरुड जमतात. ओहोटी भर दुपारी असेल तर पहाटे उठायचा अट्टहास नको. ओहोटी सोयीची नसेल तेव्हा मात्र सकाळच गाठा.

पावसात ते फारसे उडत नाहीत, बहुधा भिजत बसून राहतात. शोधायला ते उलट सोपं.

६. सगळ्यांना दिसतो, मलाच दिसत नाही. झाडीत शोधायचा कसा?

आख्खा पक्षी शोधू नका. अंग खोडाच्या रंगात मिसळून जातं. गडद हिरव्या डग्लस फरच्या वरच्या चौथ्या हिस्स्यात कुणी टेबल टेनिसचा चेंडू अडकवलाय असं वाटलं की तिथे दुर्बीण लावा. आधी नुसत्या डोळ्यांनी पांढरा ठिपका, मग दुर्बीण. उलट क्रमाने केलं तर डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही.

दुसरी खूण इतर पक्ष्यांची. कावळे एका शेंड्याभोवती कालवा करत असतील तर मध्ये बहुधा गरुड किंवा घुबड असतं. पाण्यावरचे सगळे सीगल एकदम उठले तर खाली नको, वर बघा.

७. तेवढाच मोठा पण सगळा तपकिरी पक्षी दिसला. गोल्डन ईगल?

या किनाऱ्यावर गोल्डन ईगल क्वचितच येतो. तुम्ही पाहिलंत ते बहुधा बाल्ड ईगलचं तरुण पोर. डोकं आणि शेपूट पूर्ण पांढरी व्हायला सुमारे पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षी अंग, डोळे, चोच सगळं काळपट. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पाठीवर पांढरे डाग, जणू चुन्याचे शिंतोडे. चौथ्या वर्षी चोच पिवळी, डोकं मळकट पांढरं, पण डोळ्यामागे काळी पट्टी राहते आणि तिच्यामुळे लोक त्याला ऑस्प्रे (मासे पकडणारा दुसरा एक शिकारी पक्षी) समजतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची पंखांची आणि शेपटीची पिसं मोठ्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे पोर आईबापाहून मोठं दिसतं.

तरी शंका राहिली तर पाय पाहा. गोल्डन ईगलच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, बाल्ड ईगलची नडगी खालच्या बाजूला उघडी आणि पिवळी. उडताना बाल्ड ईगलचे पंख फळीसारखे सरळ असतात. टर्की व्हल्चर हे गिधाड पंख वर उचलून डुगडुगत जातो, ऑस्प्रेचे पंख कोपरात मोडल्यासारखे दिसतात आणि पोट पांढरं असतं.

८. सिनेमातली ती किंकाळी ऐकू आली नाही. चुकीचा पक्षी पाहिला का?

पक्षी बरोबर, सिनेमा चूक. ती किंकाळी बहुतेकदा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्या शिकारी पक्ष्याची असते, वरून चिकटवलेली. बाल्ड ईगलचा आवाज देहाच्या मानाने अगदीच चिरका, 'किकिकिक्' असा तुटक, थोडा सीगलसारखा. तो कानात बसवून घ्या. घरटं शोधताना (प्रश्न ९) निम्मं काम कानच करतात.

९. घरटं शोधायचं कसं? तासन् तास फिरूनही सापडत नाही.

फिरताय म्हणूनच सापडत नाही. घरटं झाडाखालून नाही, लांबून सापडतं. खाली उभं राहिलं की खालच्या फांद्या आड येतात. तीनशे-पाचशे मीटर मागे गेलं की तेच झाड इतरांपेक्षा उंच उठून दिसतं. बसण्याची ठिकाणं आणि ये-जा पाहणं हाच खरा उपाय :

१. जानेवारी-फेब्रुवारीतली कोरडी सकाळ निवडा. पानझडी झाडं उघडी असतात आणि जोडी काटक्या वाहत असते.

२. पाण्याच्या बाजूला अशी जागा घ्या जिथून किनाऱ्याची मोठी ओळ एका नजरेत येईल. खाडीपलीकडचा काठ, धक्का किंवा पूल चालेल.

३. आजूबाजूच्या झाडांच्या शेंड्यांपेक्षा वर आलेली झाडं आधी वेगळी काढा. डग्लस फर, सिटका स्प्रूस, ब्लॅक कॉटनवुड आणि शेंडा मोडलेली जुनी झाडं. बारीक झाडांवर वेळ घालवू नका. हे ओझं त्यांना पेलत नाही.

४. त्यांच्या वरच्या चौथ्या हिस्स्यात, पण शेंड्याच्या खाली, खोडाला चिकटून काळा भरीव गठ्ठा शोधा. उजेड आरपार येत असेल तर सोडून द्या.

५. पायात मासा किंवा चोचीत काटकी घेऊन जाणारा गरुड दिसला की त्याच्या मागे पळू नका. तो कोणत्या झाडामागे नाहीसा झाला ते टिपा. तशा दोन-तीन खेपा एकाच दिशेने गेल्या की पुढचं काम त्याच दिशेला.

६. मग जागा बदलून दुसऱ्या कोनातून तेच झाड पाहा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे घरटं.

जमिनीवरच्या खुणाही असतात. नेच्यांच्या पानांवर चुन्यासारखी विष्ठा, माशांचे काटे, पक्ष्यांची हाडं, अंगठ्याएवढ्या जाडीच्या तुटक्या काटक्या. पण नुसती विष्ठा दिसली तर ते बसायचं झाडही असू शकतं. बरेच जण इथेच फसतात.

एक अडचण स्टॅन्ली पार्कची खास. हेमलॉक लूपर या अळीने तिथली हजारो झाडं मारली आणि २०२३ पासून मेलेली झाडं काढायला सुरुवात झाली. जुन्या लेखांतल्या खुणा, 'मोठ्या वळणानंतर डावीकडे' वगैरे, आता भरवशाच्या नाहीत. काही पायवाटा कामामुळे बंद असतात, निघण्याआधी पाहून घ्या.

१०. मला दिसलं ते गरुडाचंच घरटं का?

गरुडाचं साधारण दीड मीटर रुंद, कधी जास्तच, आणि एका झाडावर एकच. एका झाडावर पाच-सहा लहान, विरळ घरटी असतील तर ती ग्रेट ब्लू हेरॉन या मोठ्या बगळ्याची. ऑस्प्रेचं घरटं मेलेल्या झाडाच्या अगदी टोकावर, खांबावर किंवा पाण्यातल्या लाकडी खुंटावर, वर आभाळ मोकळं. सगळ्यात जास्त चकवते ती हेमलॉक झाडावरची बांडगुळाने झालेली फांद्यांची गुंतवळ. ती हिरवी असते आणि फांदीच्या मध्यावर असते, गरुडाचं घरटं खोडाच्या बेचक्यात. आतल्या काटक्या आडव्यातिडव्या रचलेल्या दिसतात का, ते एकदा दुर्बिणीने पाहून घ्या.

दरवर्षी भर घातल्याने घरटं वाढतच जातं. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळचं एक २.९ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल भरलं होतं, वजन दोन टनांच्या वर.

११. घरट्यावर तासभर नजर ठेवली, कोणीच नाही. सोडून दिलंय का?

मार्च-एप्रिलमध्ये असं अजिबात समजू नका. उबवणारा पक्षी घरट्याच्या खोलगट भागात दबून बसतो आणि खालून फार तर डोक्याचा पांढरा कंगोरा दिसतो. नर-मादी पाळी बदलतात तेव्हाच हालचाल होते आणि मधे काही तास जाऊ शकतात. कडेला ताज्या हिरव्या डहाळ्या किंवा फिक्या रंगाच्या नव्या तुटक्या काटक्या दिसल्या तर घरटं वापरात आहे. शिवाय एका जोडीची हद्दीत दोन-तीन घरटी असू शकतात. यंदा रिकामं असलेलं पुढच्या वर्षी भरतं. ऑगस्टमधल्या रिकाम्या घरट्याचं कारण प्रश्न ४ मध्ये.

१२. किती जवळ गेलं तर चालतं? आणि कायदा काय म्हणतो?

अमेरिकी सरकारच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत विणीच्या काळात पायी फिरणाऱ्यांसाठी ३३० फूट, म्हणजे साधारण १०० मीटर अंतर सांगितलं आहे. कॅनडातही तेच पाळा. आखलेली पायवाट घरट्याच्या जवळूनच जात असेल तर चालत राहा. तिथल्या जोडीला जाणाऱ्या माणसांची सवय असते. थांबून, बोट दाखवून, घोळका करून बघणाऱ्यांची नसते.

पक्षी ताठ उभा राहून तुमच्याकडे रोखून पाहतोय, सारखा ओरडतोय किंवा डोक्यावर घिरट्या घालतोय, म्हणजे तुम्ही जास्तच जवळ आला आहात. लगेच मागे फिरा. मार्चमध्ये घरटं सोडून उडाला तर अंडी गार पडतात आणि तेवढ्यात कावळे ती पळवतात.

ब्रिटिश कोलंबियाच्या वाइल्डलाइफ अ‍ॅक्टच्या कलम ३४ नुसार गरुडाच्या घरट्याला वर्षभर संरक्षण आहे, त्यात पक्षी असो वा नसो. बऱ्याच इतर पक्ष्यांना ते फक्त वापरातल्या घरट्यापुरतं मिळतं. अंगणातलं झाड 'हिवाळ्यात रिकामं असताना' पाडू असा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अमेरिकेत १९४० चा कायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला १ लाख डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

१३. तुम्ही पत्ता का देत नाही? ग्रुपवर टाकायला काय हरकत आहे?

पत्ता ग्रुपवर पडला की रविवारी त्या झाडाखाली वीस माणसं, चार कुत्री आणि तिपायांची रांग लागते. प्रश्न ९ मधली रीत वापरून पाच सकाळी दिल्या तर तुम्हाला सापडेल. लहान मुलांना किंवा ज्येष्ठांना घरट्यातलं दृश्य दाखवायचं असेल तर घरट्यांवर लावलेले थेट कॅमेरे इंटरनेटवर आहेत आणि झाडाखालून दिसणार नाही ते त्यात दिसतं.

१४. दुर्बीण कुठली, लेन्स कुठली?

दुर्बीण ८×४२. दहापट घेतली की हात थरथरल्याचं जास्त जाणवतं आणि जंगलात अंधार वाटतो. घरटं लांबून पाहायला तिपाईवरची २०-६० पट स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तम.

कॅमेऱ्याला निदान ४०० मिमी. सगळ्यांचं चुकतं ते एक्स्पोजर. मागे काळपट झाडी असल्यामुळे कॅमेरा चित्र उजळवतो आणि डोकं पांढरंफटक होऊन पिसांचा तपशील जातो. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० च्या पुढे. मोबाइल स्कोपच्या भिंगाला लावूनही फोटो निघतो, फक्त आधी काठाला धरून मधला उजेडाचा गोल शोधा.

१५. ड्रोनने वरून घरटं दिसेल का?

दिसेल, आणि त्याच क्षणी तुम्ही कायद्याच्या कचाट्यात याल. व्हँकुव्हरच्या उद्यानांत ड्रोनला मनाई आहे आणि अमेरिकी सूचनांत हवाई वाहनांसाठी १००० फुटांचं अंतर सांगितलं आहे. गरुड ड्रोनला घुसखोर समजून अंगावर जातो, पात्याने पाय तुटू शकतो.

१६. पायवाटेवर मोठं पीस सापडलं. घरी नेऊ?

नाही. पाहा, फोटो काढा, तिथेच ठेवा. अमेरिकेत गळून पडलेलं पीस बाळगणंही गुन्हा आहे. आदिवासी समाजांच्या धार्मिक वापरासाठी कोलोरॅडोतल्या नॅशनल ईगल रिपॉझिटरीतून पिसं रीतसर दिली जातात. ब्रिटिश कोलंबियातही परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. सामानात घालून पुण्याला नेण्याचा तर विचारही नको.

१७. जुलैत पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं. उचलायचं का?

उचलू नका. पहिली उड्डाणं फसतात आणि पिल्लू एखाद-दोन दिवस खालीच राहतं. आईबाप वरून भरवतात. कुत्र्याला पट्टा लावा, ५० मीटर मागे सरका, इतरांनाही थांबवा. पंख लोंबतोय, रक्त दिसतंय, माशा घोंघावतायत किंवा ते आडवं पडलंय, तर शिकारी पक्ष्यांच्या बचाव केंद्राला कळवा. लोअर मेनलँडमध्ये, म्हणजे व्हँकुव्हर आणि आसपासच्या भागात, डेल्टा गावातली ओडब्ल्यूएल ही संस्था हे काम करते. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. २०२२ पासून बर्ड फ्लूने गरुडही मेले आहेत.

१८. गरुड पाण्यात पडला आणि पंख मारत होता. बुडत होता का?

बहुधा पोहत होता. मासा जड निघाला की त्याला उचलता येत नाही आणि सोडवतही नाही. मग तो पंख वल्ह्यासारखे मारत काठाकडे येतो. बाहेर आल्यावर खडकावर पंख पसरून वाळवत बसला तर जवळ जाऊ नका, भिजलेल्या पंखांनी त्याला पळता येत नाही. तासाभरात उडाला नाही तरच प्रश्न १७ मधल्या केंद्राला कळवा.

१९. हिवाळ्यात एकाच ठिकाणी शेकडो दिसतात ते कुठे?

व्हँकुव्हरच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर स्क्वामिशजवळ ब्रॅकेनडेल. अंडी घालून मेलेले चम सॅमन खायला डिसेंबर-जानेवारीत गरुड जमतात. जानेवारी १९९४ च्या गणनेत ३,७६९ भरले होते. दरवर्षी तेवढे असतील अशी आशा धरू नका. ईगल रन या नदीकाठच्या बांधावरून पलीकडचा काठ दिसतो. नदीच्या पात्रात उतरू नका. एकदा हुसकलं तर खाणं अर्धवट टाकून उडतात, आणि थंडीत ती ताकद भरून येत नाही. सकाळीच पोहोचा. ऊन चढलं की ते उंच घिरट्या घालू लागतात.

२०. गरुड हेरॉनची पिल्लं उचलतात. मग हेरॉन त्यांच्या शेजारी का राहतात?

स्टॅन्ली पार्कमध्ये पार्क बोर्डाच्या कचेरीजवळ हेरॉनची मोठी वसाहत आहे आणि तिथे हे घडताना दिसतं. टाळ्या वाजवून गरुडाला हाकलू नका, दचकलेले हेरॉनच आधी उडतात आणि अंडी उघडी पडतात. शेजाराचं कारण मजेशीर आहे. घरटं करून राहिलेली जोडी स्वतःच्या हद्दीत दुसरे गरुड फिरकू देत नाही. चार चोर येण्यापेक्षा एकच ओळखीचा परवडला, असा हा हिशेब.

२१. घरट्यातलं एक पिल्लू फारच लहान आणि वेगळं दिसतंय.

अंडी एका दिवशी घातली जात नाहीत, म्हणून लहान-मोठं असणं नेहमीचं. पण रंग-चेहराच वेगळा असेल तर फोटो काढून ठेवा. २०१७ मध्ये व्हँकुव्हर बेटावरच्या सिडनी गावात बाल्ड ईगलच्या घरट्यात रेड-टेल्ड हॉकचं पिल्लू वाढलं आणि उडालंही. भक्ष्य म्हणून जिवंत आणलेलं पिल्लू चोच उघडून खायला मागू लागलं आणि गरुडाने भरवलं, असा तर्क आहे.

२२. वादळात घरट्याचं झाडच पडलं. आता जोडी निघून जाईल का?

अंड्यांच्या आधी पडलं तर बहुतेकदा त्याच हद्दीत दुसऱ्या झाडावर नवं बांधतात, किंवा जुन्या पर्यायी घरट्यात जातात (प्रश्न ११). पिल्लं असताना पडलं तर आधी प्रश्न १७ मधल्या केंद्राला कळवा. पिल्लं जिवंत असली तर जाणकार ती जवळच्या झाडावर तात्पुरत्या परडीत ठेवतात आणि आईबाप तिथे येऊन भरवू लागतात. पडलेल्या घरट्यातल्या काटक्या आठवण म्हणून उचलू नका, त्यांनाही प्रश्न १२ मधलं कलम लागू आहे.